आयपी ब्लॉक नावावर झाला, आता चालू कसा करायचा?

आयपी ब्लॉक म्हणजे इंटरनेट पत्त्यांचा गट. दुसऱ्याकडून घेतलेल्या ब्लॉकला, पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत नाव लागणं वेगळं आणि इंटरनेटवर ताबा मिळणं वेगळं. नाव लागण्यासाठी एपनिक, राइप एनसीसी, आरिन, लॅकनिक किंवा आफ्रिनिक, ज्या रजिस्ट्रीच्या क्षेत्रात तुम्ही येता तिथे खातं हवं. सोबत संस्थेचा नोंदणी दाखला, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि हस्तांतराचा करार. करारावर संक्षिप्त नाव आणि दाखल्यावर पूर्ण नाव असलं, तरी अर्ज शंका काढून परत येतो. आरिन पुढच्या २४ महिन्यांची गरज दाखवायला सांगते. राइपच्या क्षेत्रातल्या हस्तांतराला ती अट नाही, पण मिळालेला आयपीव्ही४ ब्लॉक २४ महिने पुढे देता येत नाही. /२४ पेक्षा, म्हणजे २५६ पत्त्यांपेक्षा, लहान तुकडा घेऊ नका. बहुतेक नेटवर्क त्याचा रूट, म्हणजे त्या पत्त्यांपर्यंतची वाट, स्वीकारत नाहीत.

रूट जाहीर करण्याआधी आरओए काढा, म्हणजे हे पत्ते कोणत्या एएसएनने (नेटवर्कच्या क्रमांकाने) जाहीर करायचे याचा डिजिटल सहीचा दाखला. सर्वाधिक घोळ इथेच होतो. /२२ चा, म्हणजे चार /२४ चा, आरओए काढला, कमाल लांबी (किती बारीक तुकडा चालेल ती मर्यादा) २२ ठेवली आणि जाहीर केला त्यातला एक /२४, तर तो रूट ‘इनव्हॅलिड’ ठरतो. आरओए मुळीच नसता तर ‘नॉट फाउंड’ म्हणून बहुतेक ठिकाणी चालून गेला असता! सरसकट कमाल लांबी २४ ठेवणं हाही उपाय नव्हे. जाहीर न केलेले /२४ तुमच्या एएसएनच्या नावावर दुसरा कोणी जाहीर करू शकतो. जे प्रिफिक्स (पत्त्यांचे तुकडे) जाहीर करणार, नेमके तेवढेच नोंदवा.

मग आयआरआरमध्ये, म्हणजे रूटच्या सार्वजनिक नोंदवहीत, रूट ऑब्जेक्ट (त्या रूटची नोंद). जुन्या मालकाचे ऑब्जेक्ट रॅडबीसारख्या डेटाबेसमध्ये राहिलेले असतात, ते काढायला लावा. अपस्ट्रीमला, म्हणजे तुम्हाला इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीला, लेटरहेडवर एलओए (रूट जाहीर करण्याचं परवानगीपत्र) द्या: प्रिफिक्स, एएसएन, मुदत, सही. एलओए पोचलं म्हणजे फिल्टर उघडला असं नाही. अनेक ठिकाणी फिल्टर दिवसातून एकदाच नव्याने बनतात.

रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधणं) /२४ च्या हिशेबाने चालतं, म्हणून /२२ ला चार झोन लागतात. २०३.०.११३.०/२४ चा झोन ‘११३.०.२०३.इन-एडीडीआर.आर्पा’ असा उलटा लिहितात. नेमसर्व्हर आधी उत्तर देऊ लागू दे, मगच रजिस्ट्रीकडे डेलिगेशन मागा, म्हणजे झोन तुमच्या नेमसर्व्हरकडे सोपवायला सांगा. पीटीआर (पत्त्यासमोर नाव सांगणारी नोंद) नसेल तर अनेक ठिकाणांहून मेल परत येतील.

ब्लॅकलिस्ट, म्हणजे स्पॅमसारख्या कारणांनी बदनाम झालेल्या पत्त्यांची यादी, खरं तर पैसे देण्याआधीच तपासायची. लोकेशनसाठी आरएफसी ८८०५ प्रमाणे जिओफीडची (कोणता पत्ता कुठे वापरात आहे ते सांगणारी) सीएसव्ही फाइल ठेवून तिचा दुवा रजिस्ट्रीच्या नोंदीत द्या. लोकेशनचे डेटाबेसवाले आपल्या सवडीने नोंद बदलतात. तोवर ग्राहकांना वेबसाइट जुन्या मालकाच्या देशाच्या भाषेत उघडत राहते.