‘पांढरं जातं’ ही तक्रार आणि हिरवं पाकीट

योनीतल्या बुरशीवर एके काळी दवाखान्यात जेन्शन व्हायोलेट लावत. त्याचे जांभळे डाग कपड्यांवरून निघत नसत. खास बुरशीवर चालणारं निस्टॅटिन १९५० मध्ये अमेरिकेतल्या दोन स्त्री संशोधकांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. सत्तरच्या दशकात क्लोट्रिमॅझोल आणि मायकोनॅझोल आलं, योनीत ठेवायच्या गोळ्या जितके दिवस वापराव्या लागत ते दिवस हळूहळू कमी झाले, आणि नव्वदच्या दशकात फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने घेण्यावर गाडी आली. औषध असं सोपं होत गेलं. तक्रारीचा शब्द मात्र होता तसाच राहिला.

आपल्याकडे बाई ‘खाज येते’ हे सहसा आधी सांगत नाही. ती म्हणते, ‘अंगावरून पांढरं जातं.’ ‘पांढरं जातं’ या दोन शब्दांत पाळीच्या चक्रानुसार येणारा अगदी नैसर्गिक स्राव येतो, दह्यासारखा घट्ट बुरशीचा स्राव येतो, जिवाणूंमुळे येणारा वासाचा पातळ स्राव येतो, लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग येतो आणि गर्भाशयमुखाचा दाहही येतो. अशक्तपणा, कंबरदुखी, ‘अंग झिजतं’ ही भावनाही त्यातच. फ्लुकोनॅझोल यातल्या फक्त एकावर चालतं.

१९८९ मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही होत नाही, हा समज या आकड्यांनी मोडून काढला.

पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लक्षणांवरून उपचार ही पद्धत स्वीकारली आणि रंगीत पाकिटं आणली. योनीस्रावासाठी हिरवं पाकीट: जिवाणू आणि ट्रायकोमोनासवर सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि बुरशीवर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. प्रयोगशाळा नाही, बाई दुसऱ्यांदा येईल याची खात्री नाही, मग आली त्याच दिवशी औषध द्यावं, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. सूचनांमध्ये स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून आत पाहण्याचं साधन, लावून तपासणीही सांगितली होती. पण ती शक्य नसेल किंवा बाई संकोचत असेल, तर गर्भाशयमुखाच्या दाहाचं करडं पाकीटही सोबत द्यावं, अशी मुभा होती. म्हणजे आणखी अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही दोन प्रतिजैविकं. एका मोघम शब्दावर चार औषधं! पडदा, टेबल आणि तपासायला निवांत अर्धा तास यांवर खर्च झाला असता तर यातली कित्येक पाकिटं फोडावी लागली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीने २००५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. स्रावाच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी जास्त दिसला. अशा बाईला बुरशीची गोळी देऊन काय साधणार?

हा घोळ फक्त आपला नाही. अमेरिकेत १९९० पासून क्लोट्रिमॅझोल चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. बुरशीच झाली असं स्वतः ठरवून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांना २००२ च्या एका अभ्यासात तपासलं, तेव्हा निव्वळ बुरशीसंसर्ग निघाला तिघींतल्या एकीला.

वारंवार उलटणाऱ्या संसर्गासाठी आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल, असं सहा महिने देण्याची पद्धत २००४ च्या चाचणीनंतर रुळली. गोळ्या चालू असेतो दहांतल्या नऊ जणी बऱ्या राहिल्या. थांबवल्यानंतर सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त जणींना संसर्ग परत झाला होता. २०२१ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत दोन नवी औषधं मंजूर झाली, पण गर्भाला अपाय होण्याच्या भीतीने दोन्ही गरोदर स्त्रीला वर्ज्य आहेत. आपल्या सूचनांमध्येही गरोदरपणी तोंडाने फ्लुकोनॅझोल द्यायचं नाही, योनीत ठेवायचं क्लोट्रिमॅझोलच द्यायचं, असं आहे. म्हणून हिरवं पाकीट हातात ठेवण्याआधी निदान पाळी चुकली आहे का, एवढं तरी तिला विचारायलाच हवं.