शुक्रपेशीतील डीएनए ‘कोरा’ नसतो

शुक्रपेशी म्हणजे पित्याचा डीएनए वाहून नेणारी निव्वळ पिशवी, तयार होताना तिच्यातील सर्व हिस्टोन प्रथिने (ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती) निघून जातात आणि जनुकनियंत्रणाच्या साऱ्या खुणा पुसल्या जातात, असा समज दीर्घकाळ चालत आला आहे. त्यातील अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच तो टिकला असावा.

शुक्राणुजननाच्या अखेरच्या टप्प्यात हिस्टोनांवर मोठ्या प्रमाणावर ॲसिटिल गट (छोटे रासायनिक गट) चढतात, क्रोमॅटिनची म्हणजे डीएनए आणि प्रथिनांच्या गुंफणीची वीण सैल होते, मग तात्पुरती संक्रमण प्रथिने आणि शेवटी आर्जिनिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रोटामिने नावाची प्रथिने हिस्टोनांची जागा घेतात. डीएनए इतका घट्ट बांधला जातो की जनुकांचे लिप्यंतरण, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होणे, थांबते. म्हणूनच प्रोटामिनांचा संदेशवाहक आरएनए (ती बनवण्याची सूचना वाहणारा रेणू) आधीच तयार करून राखून ठेवलेला असतो.

मात्र ही अदलाबदल संपूर्ण नसते. मानवी शुक्रपेशीत साधारण ५ ते १५ टक्के, तर उंदरात सुमारे १ टक्का हिस्टोन उरतात. मानवी शुक्रपेशींवरील २००९ सालच्या अभ्यासात हे अवशेष भ्रूणविकासाच्या जनुकांपाशी, उदाहरणार्थ शरीराची रचना ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या समूहापाशी, एकवटलेले आढळले. त्यांच्या नेमक्या जागांबद्दल पुढे मतभेद झाले, ते रास्तही आहेत. शिवाय डीएनएवरील मेथिल खुणाही (जनुकनियंत्रणाच्या रासायनिक खुणा) शुक्रपेशीत असतात. त्यांपैकी बहुतेक फलनानंतर पुसल्या जातात, पण जनुकीय मुद्रांकनाच्या, म्हणजे जनुक आईकडून आले की वडिलांकडून यानुसार ते चालू वा बंद ठेवणाऱ्या, खुणा टिकतात. तरीही यावरून वडिलांची प्रत्येक सवय अपत्यात उतरते असा निष्कर्ष काढणे ही उलट्या टोकाची अतिशयोक्ती ठरेल.