कार्ड परत गेलं, की वाचक पुसला

ग्रंथालयातलं जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. तिथे तारखांची चिठ्ठी असते. परवा बेळगावातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचं एक पुस्तक चाळत होतो. चिठ्ठीवर १९७१ च्या फेब्रुवारी-मार्चमधले ओळीनं चार जांभळे शिक्के. म्हणजे परीक्षा, ते कळलं. पुढचा शिक्का थेट ऑगस्ट १९७८ चा. परीक्षा नाही, काही नाही, मग हे कुणी नेलं? तारीख आहे, नाव नाही.

याचं कारण काउंटरवरच्या लाकडी ट्रेमध्ये सापडतं. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपालबाईंच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. पुस्तकात एक कार्ड, वाचकाकडे खिशासारखी तिकिटं. पुस्तक नेताना कार्ड तिकिटाच्या खिशात घालायचं आणि जोडी तारखेप्रमाणे ट्रेमध्ये लावायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. एक अक्षर लिहावं लागत नाही, आणि मागे एक अक्षर उरतही नाही.

रजिस्टराचं तसं नसतं. परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीवर रेघ मारली, तरी रेघेखालचं नाव वाचता येतं. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठानं अशा नोंदी जपल्या, म्हणून १७९५ मध्ये तिथे शिकायला आलेल्या गाउसनं काय नेलं ते आज कळतं. पुढे गणिताचा सम्राट म्हणवला गेलेला हा मुलगा सुरुवातीला भाषा-साहित्याची पुस्तकंही भरपूर नेत होता! गणित की भाषा, हे त्याचं ठरलंच नव्हतं. मार्च १७९६ मध्ये सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी-कंपासनं काढता येतो हे त्याला उमगलं आणि पारडं गणिताकडे झुकलं. चरित्रकारांच्या या गोष्टीला रजिस्टर साक्ष देतं.

स्कॉटलंडमधल्या ग्रंथालयांच्या १७५० ते १८३० च्या सुमाराच्या नोंदवह्या स्टर्लिंग आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी संगणकावर आणल्या आहेत. किचकट काम! कारकून पुस्तकाचं पूर्ण नाव कशाला लिहील? ‘ह्यूम, भाग ३’ एवढ्या लेखकाच्या नावावरून पुस्तक ओळखायचं. आपल्याकडे हे कुणी केलं, तर एकच कुलकर्णी देवनागरी, रोमन आणि कन्नड अशा तीन लिप्यांत तीन माणसं होऊन बसेल. पण त्यासाठी रजिस्टरं हवीत. कपाटं रिकामी करताना पुस्तकं वाचवतात आणि रजिस्टरं रद्दीत घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय नेणारा आणि वाचणारा एकच, असं थोडंच आहे? त्या कॉलेजातल्या निवृत्त शिपाईमामांना मी १९७८ चं विचारलं. ते हसले. “सरांच्या तिकिटावर गेलं असणार. पोरं सगळी सरांच्याच तिकिटावर न्यायची. कोण वाचलं काय की!”