एलचं तापमान: कॅलेंडरपासून कंट्रोलरपर्यंत

बिअरचे दोन मोठे प्रकार: एल जरा उबेत आंबते, लागर थंडीत. पूर्वी मात्र बिअर कधी करायची हे कॅलेंडरच ठरवायचं. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली हुकूम निघाला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही. इंग्लंडात असा कायदा नव्हता, तरी टिकाऊ कडक बिअर ऑक्टोबरात नाहीतर मार्चमध्येच घालत. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामागचे जंतू पाश्चरने उलगडून दाखवले ते थेट १८७०च्या दशकात.

पण बाहेरची हवा हा अर्धाच प्रश्न. साखर खाताना यीस्ट (बिअर आंबवणारी सूक्ष्म बुरशी) स्वतःच उष्णता सोडतं. पाण्याच्या १.०४८ पट घनतेच्या २० लिटर वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड रसात) सुमारे अडीच किलो अर्क, म्हणजे मुख्यतः विरघळलेली साखर असते. त्यातला दीड किलो आंबला की जवळपास ९०० किलोज्यूल उष्णता निघते. ती सगळी आत कोंडली तर वर्ट दहाएक अंशांनी तापेल. घरच्या भांड्यातून बरीच उष्णता निसटते, म्हणून आंबणं ऐन जोरात असताना आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंश जास्त भरतं. कारखान्याच्या अवाढव्य टाकीला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, त्यामुळे तिथे हे दुखणं फार आधी जाणवलं.

लंडनचा ब्रूअर मायकेल कोम्ब्रून याने १७५८मध्ये थर्मामीटर वापरून बिअर करण्यावर लिहिलं. पुढे टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडून त्यातून थंड पाणी फिरवू लागले. सुमारे १५ अंशांना यीस्ट घालायचं, तापमान आपोआप २०च्या आसपास चढू द्यायचं आणि मग पाणी सोडायचं. एलच्या बाबतीत आजही याहून शहाणपणाची पद्धत नाही. जर्मन अभियंता कार्ल लिंडे याचं शीतयंत्र १८७०च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन या बिअर कारखान्यात आलं, पण त्याची खरी गरज लागरला होती.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना घेण्याची अट १९६३ साली रद्द झाली; अमेरिकेत १९७८च्या कायद्याने वाट मोकळी झाली. घरोघरी पिंपं आली, पण थंडाव्याची सोय नव्हती. ब्रिटनमध्ये तर पिंप गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवायची रीत पडली. आंबणं झटपट उरकायचं, पण २५ अंशांपुढे नेहमीचं एल यीस्ट फ्यूजल अल्कोहोल (जड, तिखट अल्कोहोल) आणि एस्टर (उग्र वासाची संयुगं) भरपूर करतं: घशाला जळजळ, सॉल्व्हंटचा वास. मुरवून तो फारसा जात नाही.

मग थंडाव्यासाठी जुगाड सुरू झाले: टबात पाणी, पिंपावर ओला टी-शर्ट, पाण्यात गोठवलेल्या बाटल्या. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत पाणी वाळतच नाही, म्हणून टी-शर्टचा उपयोग जेमतेम; तिथे बाटल्यांवरच भिस्त.

खरा बदल झाला तो जुना फ्रिज आणि बाहेरून जोडायच्या थर्मोस्टॅटमुळे. एसटीसी-१००० सारख्या स्वस्त कंट्रोलरमध्ये दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात, एक थंड करायला आणि एक तापवायला. सेन्सर फ्रिजच्या हवेत लटकत ठेवला की हवा १८वर, बिअर मात्र २२वर. म्हणून सेन्सर पिंपाच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली चिकटवून वरून फोम बांधायचा. ठरवलेल्या तापमानापासून किती ढळलं की यंत्र चालू व्हावं, तो फरक अर्ध्या ते एक अंशाचा ठेवायचा आणि कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर पुन्हा चालू व्हायला किमान ३ मिनिटांचा विलंब द्यायचा. सतत चालू-बंद झाला तर तो जळू शकतो.

पहिले तीन दिवस सर्वांत नाजूक, कारण यीस्ट वाढतं तेव्हाच बहुतेक चव ठरते. १७ अंशांना यीस्ट घालून १८–१९वर धरावं. जोर ओसरला की २०–२१वर न्यावं, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या डायअसिटिल या पदार्थाचा लोण्यासारखा वास यीस्टच संपवतं. त्याऐवजी लगेच थंड केलं तर यीस्ट तळाशी बसतं आणि वास तसाच राहतो.

नॉर्वेच्या शेतघरांत जपलेलं क्वाइक यीस्ट मात्र ३० ते ४० अंशांतही स्वच्छ चव देतं. गेल्या दशकात ते बाजारात आलं; त्याला थंड खोलीत उलट हीटिंग पॅड लागतो.