न आवडणाऱ्या शेरिफाचा सल्ला

२०२२च्या जुलैत अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाच्या टेबलावर तिने मतपत्रिका पसरली होती. तिकडे बहुतेकांना मतपत्रिका टपालाने घरपोच येते आणि लोक ती निवांत भरून परत पाठवतात. तिने फोन वर धरला तेव्हा मला तो लांबलचक कागद दिसला. प्रत्येक नावाशेजारी शाईने भरायचा छोटासा लंबगोल. वरच्या बाजूला सेनेटर, गव्हर्नर वगैरे ओळखीची पदं. पण खाली राज्याच्या शाळाखात्याचा प्रमुख, विजेचे दर ठरवणाऱ्या मंडळाचे सदस्य, खजिनदार आणि चक्क खाण निरीक्षक! हा अधिकारी लोकांच्या मताने निवडणारं अ‍ॅरिझोना हे अमेरिकेतलं एकमेव राज्य आहे.

"मामा, यातली चार-पाच नावं सोडली तर मी कुणालाच ओळखत नाही," ती म्हणाली. मतपत्रिकेशेजारी प्रचारपत्रकांचा गठ्ठा होता. त्यातल्या एकावर मोठी हॅट घातलेला एक स्थानिक शेरिफ (तिकडे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, लोकांनी निवडलेला पोलीसप्रमुख) उमेदवाराच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि खाली ठळक अक्षरांत त्याचा पाठिंबा छापला होता. "हा शेरिफ मला अजिबात पटत नाही. मग त्याच्या पाठिंब्याचं मी करू काय? सरळ केराच्या टोपलीत टाकू?"

मी म्हटलं, "टाकू नकोस. तुझ्या टेबलावरचा सगळ्यात कामाचा कागद कदाचित तोच आहे."

असं का म्हणालो, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

ती भरत होती ती मतपत्रिका 'प्रायमरी'ची. आपल्याकडे उमेदवारी कुणाला द्यायची हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो याकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं. अमेरिकेत हा एबी फॉर्म सामान्य मतदार देतात, असं समजा. पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक वेगळी निवडणूक होते. पूर्वी तिथेही पुढारी बंद खोलीत नावं ठरवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारणावाद्यांनी ही पद्धत मोडायला घेतली. विस्कॉन्सिनने १९०४ साली लोकांचा कौल घेऊन थेट प्रायमरीचा कायदा केला आणि मग तो इतर राज्यांत पसरला. अ‍ॅरिझोनात कुठल्याच पक्षाकडे नोंदणी नसलेल्या मतदारालाही राज्यस्तरीय प्रायमरीत एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. भाचीने रिपब्लिकन पक्षाची मागितली होती.

अडचण इथूनच सुरू होते. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. माणूस अनोळखी असला तरी ते एक अक्षर त्याच्याविषयी पुष्कळ सांगून जातं. प्रायमरीत मात्र सगळ्यांपुढे तेच अक्षर. पदार्थ वेगवेगळे आणि सगळ्या डब्यांवर चिठ्ठी एकच, असा प्रकार. अशा वेळी मतदार हाताला लागेल तो आधार घेतो. टेक्ससमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवरचा नावांचा क्रम प्रत्येक काउंटीत चिठ्ठ्या टाकून ठरतो. राज्यात २५४ काउंट्या आहेत, म्हणजे निसर्गाने स्वतःच मांडून ठेवलेला प्रयोग! डॅरन ग्रँट या अर्थशास्त्रज्ञाने २०१४च्या प्रायमरीचे आकडे तपासले. कमी परिचयाच्या पदांच्या लढतीत नाव सगळ्यात वर असण्याचा फायदा जवळपास १० टक्के-गुणांपर्यंत जात होता. नशिबाने वर लागलेल्या नावाला एवढं मोल येत असेल, तर कुण्या माणसाने विचार करून दिलेल्या पाठिंब्याला काहीतरी अर्थ असणारच.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या गोष्टीकडे येतो. सल्ला देणारा एका बाजूला झुकलेला असेल तर त्याचा सल्ला फुकट, असं आपण समजतो. १९८५ साली रँडल कॅल्व्हर्ट या राज्यशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की तसं नाही. एखादा तापमापक नेहमी दोन अंश जास्त दाखवतो हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तो फेकायची गरज नाही. दोन अंश वजा केले की झालं. फेकायचा तो तापमापक, जो कधी किती चुकेल याचा पत्ताच नसतो.

पाठिंब्याकडे आपण दोन वेगळे प्रश्न घेऊन जातो आणि गडबड होते ती या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. पहिला प्रश्न: हा उमेदवार कोणत्या विचारांचा? दुसरा: दोघांपैकी काम कोण चांगलं करेल?

पहिल्यासाठी झुकलेला शेरिफ उत्तमच. स्थलांतरितांबाबत कडक धोरण हवं असणारा शेरिफ नीट पारखून कडक माणसालाच पाठिंबा देत असेल, तर त्याचा फोटो म्हणजे त्या उमेदवाराच्या विचारांची पावती. ज्याला कडक माणूस हवा त्याने ती पाहून मत द्यावं, ज्याला नको त्याने तीच पावती पाहून दुसऱ्या नावाकडे वळावं. माहिती दोघांनाही तेवढीच मिळाली. कॅलिफोर्नियात १९८८ साली मोटार विम्याशी संबंधित तब्बल पाच किचकट प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर होते. आर्थर लुपिया यांनी लॉस एंजेलिसमधल्या मतदारांना प्रश्न विचारून तपासलं. प्रस्तावांचा तपशील फारसा ठाऊक नसलेले, पण विमा कंपन्या कोणत्या बाजूला आहेत एवढं माहीत असलेले मतदार जवळपास अभ्यासू मतदारांसारखंच मत देत होते. पाचांपैकी मंजूर झाला एकच, आणि विमा कंपन्यांचा त्याला कडाडून विरोध होता.

दुसरा प्रश्न जास्त मजेदार आहे. थोडी आकडेमोड आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पाच मिनिटांचं काम.

अशा २०० लढती कल्पा, ज्यांत एक उमेदवार कडक आणि एक मवाळ आहे. १०० लढतींत कडक उमेदवार खरोखर जास्त लायक, उरलेल्या १०० लढतींत मवाळ. शेरिफाला लायकी कळते, पण मनाने तो कडक बाजूचा. पहिल्या १०० लढतींत तो ९८ वेळा कडक माणसाला आणि फक्त २ वेळा मवाळ माणसाला पाठिंबा देतो. दुसऱ्या १०० लढतींत मवाळ माणूस लायक असूनही ७० वेळा तो कडक माणसाच्याच मागे उभा राहतो. फरक इतका मोठा असतो की दुर्लक्ष करताच येत नाही अशा ३० वेळा मात्र मन घट्ट करून मवाळ माणसाला पाठिंबा देतो.

आता बेरीज करा. कडक उमेदवाराला एकूण १६८ वेळा पाठिंबा मिळाला आणि त्यात बरोबर होते ९८. म्हणजे साधारण ५८ टक्के. पत्रक येण्याआधी तुमची खात्री ५० टक्के होती, ती ५८वर गेली. विशेष काही हाती लागलं नाही. मवाळ उमेदवाराला पाठिंबा मिळाला ३२ वेळा आणि त्यात बरोबर होते ३०. म्हणजे ९४ टक्के! चारपैकी तीन वेळा बरोबर ठरणारा पूर्ण निःपक्ष सल्लागार घेतला, तर तो कोणतंही नाव सांगो, तुमची खात्री ७५ टक्क्यांच्या वर जात नाही. झुकलेला सल्लागार जेव्हा आपल्या कलाविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याचा शब्द निःपक्ष माणसाच्या शब्दापेक्षाही वजनदार ठरतो.

कितीही वेळा मांडलं तरी मला या निकालाचं कौतुक वाटतं. घरात हे सगळ्यांना आतून माहीत असतं. सासूने सुनेची बाजू घेतली की अख्खं घर कान टवकारतं. गणित फक्त तेच आकड्यांत सांगतं. नवा पुरावा पाहून खात्री किती बदलावी हे सांगणाऱ्या बेझच्या नियमाच्या भाषेत सांगायचं तर पुराव्याचं वजन म्हणजे दोन शक्यतांचं गुणोत्तर. कडक पाठिंब्याचं गुणोत्तर ९८ भागिले ७०, म्हणजे १.४. मवाळ पाठिंब्याचं ३० भागिले २, म्हणजे १५. आणि दारात येईल त्याच्यासोबत फोटो काढणाऱ्या शेरिफाचं गुणोत्तर १. त्याच्या पाठिंब्याने तुमचं मत तसूभरही हलता कामा नये.

या गणितात एक अट दडलेली आहे. सुरुवातीची खात्री ५०-५० असायला हवी आणि कलाविरुद्धचा सल्ला खरोखर अनपेक्षित हवा. चँडलरच्या शेजारच्या मेसा शहराचे रिपब्लिकन महापौर जॉन जाइल्स यांनी जुलै २०२४मध्ये कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला. कलाविरुद्धचा पाठिंबा म्हणून त्याची भरपूर चर्चा झाली. तरी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅरिझोना ट्रम्प यांनी जिंकलं. ती मुख्य निवडणूक होती, पक्षाच्या अक्षराने बहुतेकांची खात्री आधीच ९५ किंवा ५ टक्क्यांवर नेऊन ठेवली होती. शिवाय जाइल्स यांनी २०२२मध्येही डेमोक्रॅट सेनेटर मार्क केली यांना पाठिंबा दिलेला होता, त्यामुळे धक्का असा बसलाच नाही. प्रायमरीत, तेही तळाच्या अनोळखी पदांसाठी, खात्री खरोखर ५०-५० असते. पाठिंब्याचं खरं कार्यक्षेत्र तेच.

आता प्रश्न उरतो मोजणीचा. पाठिंब्याने मतं किती फिरतात? "ट्रम्प यांनी हात ठेवलेले दहापैकी नऊहून जास्त उमेदवार प्रायमरी जिंकतात," असं वाक्य बातम्यांत सर्रास येतं. त्या यादीतल्या अनेकांना प्रतिस्पर्धीच नसतो आणि कित्येक जण आधीपासून पदावर असतात. जिंकणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहणं आणि शेजारी उभं राहून जिंकवणं, यात फरक आहे. ज्योतिषाचा धंदा याच गफलतीवर चालतो. बरोबर ठरलेली भाकितं मोजायची, चुकलेली विसरायची आणि नुसत्या अंदाजाने किती जमलं असतं हे विचारायचंच नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८मध्ये पुण्यात हे नीट विचारलं. हुशार आणि मतिमंद मुलांच्या एकूण २०० कुंडल्या जमवल्या आणि ज्योतिषांना त्यांतल्या ४०-४० वेगळ्या करायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्मीही बरोबर आली नाहीत, नाणं उडवलं असतं तरी त्याहून वाईट झालं नसतं. निवडणुकीतल्या पाठिंब्यालाही हीच कसोटी लावायला हवी. फक्त तिथे चिठ्ठ्या टाकून पाठिंबा वाटता येत नाही, म्हणून काम अवघड होतं.

चँडलर ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथले माजी शेरिफ जो अर्पायो यांचं उदाहरण घ्या. तंबूंतला तुरुंग आणि स्थलांतरितांविरुद्धच्या कारवायांमुळे ते देशभर गाजले. १९९३ ते २०१६ ते पदावर होते आणि राज्यातले निम्म्याहून जास्त लोक एकट्या त्यांच्या काउंटीत राहतात. त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांना त्यांचा पाठिंबा हवाच असे. २००८च्या निवडणुकीसाठी तो मिट रॉम्नी यांना मिळाला, ते हरले. २०१२साठी रिक पेरी यांना मिळाला, त्यांनी जानेवारीतच माघार घेतली. २६ जानेवारी २०१६ला आयोवात अर्पायो यांनी ट्रम्प यांच्यासोबत मंचावर उभं राहून पाठिंबा जाहीर केला. सहाव्या दिवशी आयोवा ट्रम्प हरले, पण मार्चमध्ये अ‍ॅरिझोना ४६ टक्के मतं मिळवून जिंकले.

तीनपैकी एक. यावरून अर्पायोंचा हात लागतो की नाही, काहीच सांगता येत नाही. पण वेळ पाहण्यासारखी आहे. तेव्हा एकाही सेनेटरने ट्रम्प यांना पाठिंबा दिलेला नव्हता, पहिला आला तो फेब्रुवारीच्या अखेरीस. सुरुवातीला आलेले कौल पुढच्यांच्या मनावर जास्त परिणाम करतात. मागून येणारे आपली माहिती बाजूला ठेवून पुढच्यांच्या मागे जातात आणि झुंड तयार होते. याचं गणिती प्रारूप १९९२ साली मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे पुत्र अभिजित बॅनर्जी. त्यांचं उदाहरण शेजारी शेजारी असलेल्या दोन हॉटेलांचं होतं. पहिली एक-दोन गिऱ्हाइकं जिथे शिरली तिथेच पुढे रांग लागते आणि शेजारचं चांगलं हॉटेल रिकामं राहतं. म्हणूनच कुणाच्याही पाठिंब्याची तारीख मी आधी बघतो.

मला आणखी एक गोष्ट फार बोलकी वाटते. ज्यांच्या पाठिंब्यासाठी इच्छुक धडपडत, ते अर्पायो २०१८मध्ये स्वतः सेनेटच्या रिपब्लिकन प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२०मध्ये शेरिफपदासाठी पुन्हा उभे राहिले, तेव्हा प्रायमरीत त्यांना थोडक्या मतांनी हरवलं ते जेरी शेरिडन यांनी, एकेकाळच्या त्यांच्याच मुख्य उपशेरिफाने. मतदारांना 'कोणत्या विचारांचा?' हे विचारायची गरजच नव्हती, दोघांचं उत्तर सारखं होतं. राहिला होता तो फक्त दुसरा प्रश्न.

भाचीने त्या संध्याकाळी पत्रकांचे दोन ढीग केले. शेरिफाचं पत्रक पहिल्या प्रश्नाच्या ढिगात गेलं आणि त्यावरून तिने एक नाव खोडलं. शाळाखात्याच्या प्रमुखपदासाठी मात्र दोन्ही ढिगांत तिला काही सापडेना. तिने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "उद्या शेजारच्या शाळेतल्या बाईंना विचारते. त्या कुणाच्या बाजूच्या आहेत हे मला पक्कं माहीत आहे."