रम्फर्ड फायरप्लेस

घराच्या भिंतीत विटांनी बांधलेली, तोंड उंच पण आत उथळ अशी फायरप्लेस. तिचे गणित बेंजामिन टॉमसन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) याने १७९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. हा गृहस्थ जन्माने मॅसॅच्युसेट्सचा, निष्ठेने इंग्लंडच्या राजाचा आणि चाकरीने बव्हेरियाचा. म्यूनिकच्या तोफखान्यात तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवर त्याने प्रयोग केले, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत (१७९९) पुढाकार घेतला. लंडनच्या घराघरांत त्याचे नाव पोहोचले ते मात्र धुराच्या तक्रारी दूर केल्यामुळे.

त्या काळच्या फायरप्लेस खोल आणि चौकोनी असत. वरचा गळा, म्हणजे आगीचा कोनाडा आणि धुरांडे यांमधली वाट, भलतीच रुंद असे. त्यातून खोलीतली ऊबदार हवा सतत वर निघून जाई, तिच्या जागी दारे-खिडक्यांच्या फटींतून गार हवा येई आणि माणसांची तोंडे भाजत असताना पाठी गारठत. शिवाय ही जादा हवा धुरात मिसळून धूर थंड करी. थंड धूर वर चढत नाही. तो खोलीत परततो.

रम्फर्डचे म्हणणे असे की, उघड्या आगीने खोली तापते ती हवेमुळे नव्हे, तर ज्वाळा आणि तापलेल्या विटा यांतून सरळ रेषेत बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे. समोरासमोर उभ्या असलेल्या बाजूच्या भिंती ही उष्णता एकमेकींवरच टाकत बसतात. म्हणून त्याने त्या मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करून तिरक्या केल्या आणि त्यांना चुन्याचा पांढरा हात द्यायला सांगितले. कोनाड्यात लोखंड नको, वीट किंवा दगडच हवा, हाही त्याचाच आग्रह. मागची भिंत तोंडाच्या रुंदीच्या एक तृतीयांश आणि खोलीही तितकीच धरली की हा कोन आपोआप जुळतो : तोंड ३९ इंच रुंद, तर पाठ १३ इंच आणि खोली १३ इंच. गळा त्याने ४ इंचांवर आणला. इतक्या अरुंद वाटेतून धुरांडे साफ करणारी पोरे आत कशी शिरणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्यावर गळ्याशी मागच्या भिंतीत एक सुटी फरशी बसवावी, सफाईच्या वेळी ती काढून घ्यावी, असा तोडगा त्याने दिला. पोरांना धुरांड्यात उतरवण्याची ती प्रथाच मुळात का असावी, हा प्रश्न त्याच्या गणितात नव्हता. इंग्लंडमध्ये ती खऱ्या अर्थाने बंद पडली ती १८७५ च्या कायद्यानंतर.

आज घरासाठी अशी फायरप्लेस निवडताना आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करावी. अख्खे घर लाकडावर तापवायचे असेल, तर उघडी फायरप्लेस, मग ती रम्फर्डची का असेना, बांधू नये. त्यासाठी फिनलंड, रशिया, ऑस्ट्रिया या देशांत चालत आलेली विटांची किंवा दगडाची जड भट्टी योग्य. तीत तासा-दोन तासांचा जोरदार जाळ करतात, गरम धूर आतल्या वळणावळणांच्या वाटांनी फिरवतात आणि तापलेले वस्तुमान पुढे बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ ऊब देत राहते. संध्याकाळी आगीसमोर बसायचे आणि तेवढी खोली लवकर ऊबदार करायची, एवढीच अपेक्षा असेल तर रम्फर्डला तोड नाही.

जागा शक्यतो घराच्या आतल्या भिंतीची घ्यावी. बाहेरच्या भिंतीवरचे धुरांडे गार पडते आणि पेटवताना धूर ओढत नाही. आधुनिक बंदिस्त घरांत स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखाही धुराला उलटा खेचतो, म्हणून जळणासाठी बाहेरून हवेची वेगळी वाट ठेवतात.

बांधकामाचा पाया घराच्या जमिनीवर टेकवत नाहीत. या वजनासाठी स्वतंत्र फुटिंग (जमिनीखालचा रुंद पाया) लागते. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम संहितेत ते किमान १२ इंच जाड आणि चारी बाजूंनी ६ इंच बाहेर आलेले हवे. कोनाडा फायरब्रिकचा (उष्णता सोसणाऱ्या विटांचा), सांधे पाव इंचापेक्षा जाड नकोत आणि मसाला उष्णतारोधक. साध्या सिमेंटचे सांधे तापून-निवून सुटतात. सर्वसाधारण फायरप्लेसला ही संहिता २० इंच खोली मागते. रम्फर्डसाठी मात्र १२ इंचांची वेगळी सवलत आहे, त्यातली एक अट अशी की खोली तोंडाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून कमी नसावी.

गवंड्यांची चूक बहुधा होते ती गळ्यापासून वर. लिंटेलच्या (तोंडावरच्या आडव्या तुळईच्या) आतली कड गोलसर व गुळगुळीत हवी, त्यावरचा धुराचा कप्पा गिलावा करून सपाट करायला हवा, कारण खडबडीत पायऱ्या धुराला अडवतात. धूरनळीचे क्षेत्रफळ तोंडाच्या मानाने धरतात : नळी चौकोनी असेल तर दहावा भाग, गोल असेल तर बारावा. ३६ × ३६ इंच तोंडाला १२ इंच व्यासाची गोल नळी पुरते. धुरांडे छपरातून बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत असलेल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच ठेवतात. तोंडासमोर न जळणाऱ्या फरशीचा पट्टा १६ ते २० इंच असतो. लाकडी वासे बांधकामाला चिकटू देत नाहीत.

काम संपल्यावर काही आठवडे ते वाळू द्यावे आणि सुरुवातीला काटक्यांचा लहान जाळच करावा. ओले लाकूड जाळल्यास नळीत डांबरासारखा थर बसतो आणि तोच पुढे पेट घेतो. म्हणून ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेले लाकूड आणि दरवर्षी एकदा तपासणी.

महाबळेश्वरच्या ब्रिटिशकालीन बंगल्यांत जुन्या फायरप्लेस दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, जिथे मराठी वस्ती मोठी आहे, १ नोव्हेंबर २०१६ पासून नव्या घरात लाकूड जाळणारी कोणतीही फायरप्लेस बांधता येत नाही. जुन्या घरातली चालते, पण हवा बिघडल्याचा इशारा असलेल्या दिवशी तीही पेटवायची नसते.