दुर्बिणीतून शुक्र कोराच दिसतो
(खोक्यातला हा कागद फेकण्याआधी एकदा वाचा)

दुर्बीण घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यात आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते शुक्रावरून. "गुरूचे पट्टे दिसले, शनीची कडी दिसली, पण शुक्रावर काहीच नाही हो! भिंगात दोष आहे का?"

दोष नाही. शुक्राची चांदणी दुर्बिणीतून पांढरीफटक, बिनडागाची दिसते. लाखभर रुपयांची दुर्बीण लावलीत तरी तशीच दिसेल, कारण आपण पाहतो ते वरचे ढग. जमीन त्यांच्याखाली कायमची झाकलेली आहे.

हे ढग पाण्याचे नाहीत, गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत. गाडीच्या बॅटरीत असतं तेच ॲसिड, फक्त पुष्कळ तीव्र. जमिनीपासून साधारण 48 ते 70 किलोमीटर उंचीवर त्यांचा थर आहे आणि आलेल्या उन्हातला सुमारे तीन चतुर्थांश भाग तो परत पाठवतो. चंद्र सोडला तर रात्रीच्या आकाशात शुक्राइतकं तेजस्वी काही नाही, ते यामुळेच. वाऱ्यावर हे ढग चार दिवसांत ग्रहाला एक फेरी मारतात. ग्रह स्वतः मात्र इतका सावकाश फिरतो की एका गिरकीला त्याला 243 दिवस लागतात, तेही उलट दिशेने. सूर्याभोवतीची प्रदक्षिणा 225 दिवसांत आटोपते, म्हणजे गिरकी पुरी व्हायच्या आत वर्ष संपलेलं असतं!

शुक्राला पृथ्वीचं जुळं भावंड म्हणतात. मापापुरतं ते खरं आहे: त्याचा व्यास 12,104 किलोमीटर, आपला 12,756. पण तिथल्या हवेत 96 टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आहे आणि खाली पोचलेली उष्णता तो सहजी बाहेर सोडत नाही. जमिनीवर सुमारे 465 अंश सेल्सिअस, दिवसा आणि रात्रीही. शिसं 327 अंशांनाच वितळतं. बुध सूर्याच्या कितीतरी जवळ, तरी त्याची भर दुपारसुद्धा एवढी तापत नाही. हवेचा दाब आपल्या 92 पट, म्हणजे समुद्रात 900 मीटर खोल गेल्यासारखा.

अशा ठिकाणी रशियनांनी यानं उतरवली. 1982 साली व्हेनेरा 13 तिथे 127 मिनिटं टिकलं आणि रंगीत फोटो पाठवले: नारिंगी उजेड, फरशीसारखे चपटे खडक. त्याआधी 1978 साली व्हेनेरा 11 आणि 12 या दोघांच्या कॅमेऱ्यांची झाकणं उघडलीच नाहीत, एकही फोटो आला नाही. काही दिसत नाही म्हणून दुर्बीण परत घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी पुढचं झाकण काढलंत का विचारतो, तेव्हा राग मानू नका.

जमिनीचा नकाशा मिळाला तो रडारमुळे. मॅगेलन यानाने 1990 ते 1994 मध्ये जवळजवळ सगळा ग्रह मोजला. तिथल्या विवरांना बायकांची नावं देतात. त्यातलं सुमारे 34 किलोमीटर रुंदीचं एक विवर 'जोशी' नावाचं आहे, आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचं. तुमच्या दुर्बिणीतून ते दिसणार नाही, पण शुक्राकडे बघताना आठवावं असं आहे खरं.

मग बघायचं काय? कोर. शुक्रालाही चंद्रासारख्या कला असतात. गॅलिलिओने 1610 साली पाहिल्या त्याच, आपल्या 70 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून आरामात दिसतात. शुक्र लांब असताना छोटा नि गोल दिसतो. जवळ येईल तशी कोर बारीक होते, पण आकाराने चांगली मोठी होते. दोन आठवड्यांच्या अंतराने कागदावर चित्र काढून ठेवा, फरक लगेच कळेल.

सूर्यापासून तो 47 अंशांपलीकडे कधी जात नाही. म्हणून दिसला तर संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, मध्यरात्री शोधून उपयोग नाही. पंचांगात 'शुक्राचा अस्त' लिहिलेला असतो आणि लग्नाचे मुहूर्त थांबतात, त्या काळात तो सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. तेव्हा दुर्बीण गुरूकडे वळवा.

आधी 25 मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं सुटं भिंग) लावून शुक्र मधोमध आणा, मग 10 चा लावा. पूर्ण अंधाराची वाट पाहू नका: काळ्या आकाशात तो इतका चमकतो की कोरीचा आकारच कळत नाही. सूर्य बुडाल्यावर आकाश निळसर असतानाच पाहा. क्षितिजाजवळ गेला की एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळी झाक दिसते. तीही भिंगाची चूक नव्हे, आपल्या हवेचा खेळ.

सूर्य वर असताना मात्र शुक्र शोधायला दुर्बीण फिरवू नका. चुकून सूर्य समोर आला तर डोळा कायमचा जातो. मुलांना एकटं सोडू नका.

तरीही शंका असेल तर संध्याकाळी दुर्बीण घेऊन दुकानात या, आमच्या गच्चीवर लावून पाहू. येताना दोन्ही आयपीस आणा. निम्मे लोक ते घरीच विसरतात.